आमदार-खासदारांची यादी अचूक कशी ठेवाल

यादी करताना पहिला रकाना जागेचा ठेवा, नाव त्यानंतर. माणूस बदलतो, जागा तिथेच राहते. महाराष्ट्रात विधानसभेच्या २८८, विधान परिषदेच्या ७८, लोकसभेच्या ४८ आणि राज्यसभेच्या १९ जागा आहेत. म्हणजे नावं भरण्याआधी ४३३ कोऱ्या ओळी तयार हव्यात. परिषदेतले १२ सदस्य राज्यपालनियुक्त असतात, निवडून आलेले नव्हेत. त्यांना वेगळी खूण करा.

विधानसभा-लोकसभेची ओळख मतदारसंघ क्रमांकावरून पटवा. २७४ कोल्हापूर दक्षिण, २७६ कोल्हापूर उत्तर. नुसतं ‘कोल्हापूर’ लिहिलं की गोंधळ ठरलेलाच. जिल्ह्याचं नाव छत्रपती संभाजीनगर झालं, तरी तिथले मतदारसंघ २००८ च्या परिसीमन (मतदारसंघांच्या सीमा ठरवणाऱ्या) आदेशानुसार ‘औरंगाबाद’ याच नावाचे आहेत. म्हणून जिल्हा आणि मतदारसंघ हे दोन रकाने कधीही एक करू नका.

नाव कुठून घ्यायचं? निकालाच्या दिवशी वाहिन्यांवर दिसतं तिथून नक्कीच नाही. सार्वत्रिक निवडणुकीनंतर निवडणूक आयोग लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५१ च्या कलम ७३ खाली विजयी उमेदवारांची अधिसूचना काढतो, तीच आधार धरा. प्रत्येक ओळीत अधिसूचनेचा क्रमांक, तारीख आणि तुम्ही ती तपासल्याचा दिवस लिहा. हे तीन रकाने कंटाळवाणे वाटतात, पण वर्षभरानंतर वाद निघाला की तेच कामी येतात. मराठी नाव मराठी कागदावरूनच उतरवा. इंग्रजी स्पेलिंगवरून लिप्यंतर केलं की ‘साठे’चं ‘साथे’ होतं आणि शोधताना माणूस सापडत नाही.

सर्वाधिक चुका मुदतीच्या मधल्या काळात होतात. आमदाराने राजीनामा दिल्याची बातमी आली म्हणून ओळ पुसू नका. अध्यक्षांनी तो स्वीकारल्यावरच जागा रिकामी होते. तेव्हाही जुनी नोंद शेवटच्या तारखेसह जपा आणि त्या जागेपुढे ‘रिक्त’ लिहा. परिषद आणि राज्यसभेचे साधारण एक तृतीयांश सदस्य दर दोन वर्षांनी निवृत्त होतात, त्यामुळे तिथे मुदत संपण्याची तारीख प्रत्येकाची स्वतंत्र लागते.

महिन्यातून एकदा विधिमंडळ आणि संसदेच्या सदस्य-यादीशी ताळा करा: भरलेल्या अधिक रिक्त, बेरीज ४३३ आलीच पाहिजे. महापालिका, जिल्हा परिषद, ग्रामपंचायतींच्या निवडणुका राज्य निवडणूक आयोग घेतो. त्यांच्यासाठी वेगळी फाइल उघडा.