झुलत्या पुलाचं मॉडेल करताय? या चुका टाळा

शाळेचं विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की आमच्या सोसायटीतली पोरं पूल घेऊन माझ्याकडे येतात. दरवर्षी त्यात दोन-तीन झुलते पूल असतातच, दरवर्षी ते ठरलेल्या जागीच मोडतात, आणि खरे पूलही बऱ्याचदा त्याच जागी मोडलेत, म्हणून हे सगळं एकदा नीट लिहून काढतोय.

पहिली चूक फोटोतच होते. वांद्रे-वरळी सी लिंकचा फोटो समोर ठेवून झुलता पूल बनवायला घेतात. अरे, तो केबल-स्टेड आहे! त्यात टॉवरपासून थेट डेकपर्यंत, म्हणजे पुलाच्या रस्त्याच्या पट्टीपर्यंत, तिरप्या केबल येतात. झुलत्या पुलात मुख्य केबल एका काठावरून निघते, टॉवरवरून खाली झोका घेऊन दुसऱ्या टॉवरवर चढते आणि पलीकडच्या काठावर उतरते, आणि डेक त्या केबलला हँगरने, म्हणजे उभ्या दोऱ्यांनी, टांगलेला असतो. फोटो अमेरिकेतल्या गोल्डन गेट पुलाचा घ्या.

आता सगळ्यात जास्त रडवणारी गोष्ट, टॉवर आत वाकतो. मागच्या वर्षी सातवीतल्या एका मुलीने आईस्क्रीमच्या काड्यांचे सुंदर टॉवर केले होते, रंग वगैरे देऊन, आणि दोरा टॉवरच्या टोकाला गच्च गाठ मारून बांधला होता, बस, तिथेच संपला दोरा. डेकवर कंपासपेटी ठेवली तसे दोन्ही टॉवर एकमेकांकडे झुकले आणि बुडाचं फेविकॉल कट्कन सुटलं. टॉवरचं काम फक्त वरून येणारा दाब जमिनीत पोचवणं. ओढ धरायची ती काठावरच्या अँकरेजने, म्हणजे केबलचं टोक जिथे पक्कं धरलेलं असतं त्या भागाने, म्हणून दोरा टॉवरच्या पलीकडे खाली नेऊन प्लायवूडला स्क्रूने आवळा किंवा वीट ठेवून दाबा, पुठ्ठ्याला चिकटवून अजिबात भागत नाही. आणि टॉवरच्या टोकाला गाठ नको, खाच करून त्यात स्ट्रॉचा तुकडा बसवा म्हणजे दोरा थोडा सरकेल आणि दोन्हीकडची ओढ सारखी होईल. खऱ्या पुलात तिथे केबल टेकायला खोगीर असतं, ब्रुकलिनच्या पुलात (१८८३) तर ते रोलरवर बसवलंय. गोल्डन गेटला खोगीर पक्कं आहे, पण तिथले स्टीलचे टॉवरच थोडे लवतात, आपल्या काड्यांच्या टॉवरला ते जमणार नाही.

मग येते ती दोरा ताठ ओढायची हौस. सगळ्यांना वाटतं जितका ताणलेला तितका मजबूत, पण होतं नेमकं उलटं. गॅलरीतली कपड्यांची दोरी एकदम ताठ बांधून त्यावर ओली चादर टाकून बघा, भिंतीतला हूकच बाहेर येतो. हिशोब सोपा आहे, डेकवर सारखं पसरलेलं वजन गुणिले दोन टॉवरमधली लांबी, भागिले झोळाच्या आठपट (झोळ म्हणजे दोरा टॉवरच्या टोकापासून मध्यावर जितका खाली येतो तो). १०० सेंटिमीटरच्या पुलावर २ किलो वजन आणि १० सेंटिमीटर झोळ असेल तर आडवी ओढ अडीच किलोची, झोळ ५ केला तर ५ किलोची, आणि २ सेंटिमीटरच ठेवला तर साडेबारा किलोची! गोल्डन गेटचा मधला गाळा, म्हणजे दोन टॉवरमधलं अंतर, १२८० मीटर आणि झोळ साधारण १४३ मीटर, म्हणजे नववा हिस्सा. तुम्हीही नववा-दहावा हिस्सा धरा. हँगर मात्र सगळे एका मापाचे कापू नका, मधले आखूड आणि टॉवरकडचे लांब, नाहीतर डेक सरळ बसणारच नाही. नायलॉनचा दोरा हळूहळू लांबतो आणि दुसऱ्या दिवशी डेक खाली आलेला दिसतो, त्यामुळे सुती सुतळी घ्या आणि रात्रभर वजन टांगून ताणून ठेवा.

डेक लुळा ठेवणं ही चूक फक्त पोरांची नाही. अमेरिकेतला टॅकोमा नॅरोज पूल १ जुलै १९४० ला उघडला आणि ७ नोव्हेंबरला कोसळला, ताशी ६५ किलोमीटरच्या आसपासच्या वाऱ्यात. मधला गाळा ८५३ मीटरचा, रुंदी १२ मीटरसुद्धा नाही, आणि कडेला जेमतेम अडीच मीटर उंचीचे भरीव गर्डर, म्हणजे पोलादी तुळया. आधी तो वरखाली हलत होता, मग मध्यावरची केबलची पकड सरकली आणि डेक पिळवटायला लागला. पिळाने वारा वेगळा लागायचा आणि त्या वाऱ्याने पीळ आणखी वाढायचा, वाऱ्याची आणि पुलाची लय जुळली एवढंच कारण नव्हतं ते. १९५० मध्ये नवा पूल बांधला तेव्हा कडेला १० मीटर खोलीचे जाळीदार ट्रस, म्हणजे त्रिकोणांचे सांगाडे, दिले. तुम्ही डेकच्या दोन्ही कडांना काड्यांचे त्रिकोण जोडा, वारा आरपार जातो आणि डेकही पिळत नाही. टेबल फॅन लावून आधी भरीव पुठ्ठ्याच्या कडा आणि मग त्रिकोण असं दोन्ही करून बघा, प्रदर्शनात लोक तिथेच थांबतील.

शेवटची चूक दुरुस्तीची. डेक मोडला की पोरं जाड, जड पट्टी टाकतात आणि दोरा जुनाच ठेवतात. गुजरातमधला मोरबीचा झुलता पूल कोसळला ते आठवलं की माझ्या अंगावर काटा येतो. ३० ऑक्टोबर २०२२, १३५ माणसं गेली, दुरुस्तीनंतर पूल उघडून आठवडाही झाला नव्हता. तपासात आलं की एका केबलच्या ४९ तारांपैकी २२ गंजलेल्या होत्या, लाकडी फळ्यांच्या जागी अ‍ॅल्युमिनियमचा डेक टाकल्याने वजन वाढलं होतं, जुन्या हँगरलाच नवे वेल्ड केले होते, आणि उघडण्याआधी वजनाची चाचणीच झाली नव्हती. म्हणून डेक बदलला की दोराही बदला. मग वाळूच्या छोट्या पुड्या दोन्ही टोकांकडून सारख्या ठेवत मध्यापर्यंत या, प्रत्येक पुडीनंतर टॉवर ओळंब्यात आहे का बघा, आणि अँकरेजजवळ दोऱ्यावर पेनाने खूण करून ठेवा. खूण सरकली की पुड्या उतरवा आणि आधी अँकरेज आवळा.