मायलोमात (अस्थिमज्जेच्या कर्करोगात) किडनी सांभाळताना या चुका टाळा

साठीचे एक शेतकरी चार महिने कंबरदुखीसाठी डायक्लोफेनॅकची इंजेक्शनं घेत होते. मध्ये एकदा लघवी तपासली. पट्टीवर प्रथिनं जेमतेम दिसली, म्हणून किडनी ठीक आहे असं त्यांना सांगितलं गेलं. माझ्याकडे आले तेव्हा क्रिएटिनिन (किडनी बिघडली की रक्तात वाढतं ते) ७.८ आणि हिमोग्लोबिन ७ होतं. चोवीस तासांच्या लघवीत मात्र सहा ग्रॅम प्रथिनं सापडली. पट्टीला अल्ब्युमिन कळतं, मायलोमाच्या पेशी बनवतात ती लाइट चेन नावाची प्रथिनं कळत नाहीत. ते आजही आठवड्यातून तीनदा डायलिसिसला येतात, आणि त्यांना पाहिलं की मला ते चार महिने आठवतात. पन्नाशीनंतर हाडदुखी, रक्त कमी आणि क्रिएटिनिन वाढलेलं, असं एकत्र दिसलं की मी त्याच दिवशी फ्री लाइट चेन आणि इलेक्ट्रोफोरेसिस या मायलोमा शोधणाऱ्या तपासण्या पाठवतो. किडनी निकामी असेल तर कापा आणि लॅम्डा या दोन प्रकारच्या लाइट चेनचं गुणोत्तर ३.१ पर्यंत नॉर्मल धरायचं, १.६५ पर्यंत नाही.

दुसरी चूक मला सर्वात जास्त सलते: ‘आधी किडनी सुधारू दे, मग केमो बघू.’ अहो, किडनी बिघडवतायत त्या लाइट चेनच! नलिकांमध्ये त्यांचे गठ्ठे अडकतात. त्या तयार होणं थांबल्याशिवाय किडनी सुधारेल कशी? बोर्टेझोमिब या मायलोमाच्या औषधाचा डोस किडनीसाठी कमी करावा लागत नाही, डायलिसिसच्या दिवशी ते डायलिसिसनंतर द्यायचं. निदान पक्कं झालं की डेक्सामेथासोन या स्टिरॉइडसोबत ते मी लगेच सुरू करतो.

लेनालिडोमाइड या मायलोमाच्या दुसऱ्या औषधाचं उलट आहे, तिथे घाई नडते. नवे डॉक्टर नुसतं क्रिएटिनिन बघून २५ मिलिग्रॅम लिहून मोकळे होतात. बहात्तर वर्षांच्या, ४५ किलोच्या आजींचं क्रिएटिनिन १.८ असेल तर क्लिअरन्स (वय, वजन आणि क्रिएटिनिनवरून काढलेली किडनीची गाळण्याची क्षमता) जेमतेम २० भरतो. तिथे १५ मिलिग्रॅम, तेही दिवसाआड. हिशेब दोन मिनिटांचा आहे, तो टाळणाऱ्यांना मी माफ करत नाही.

क्लिअरन्स ३० च्या खाली असेल तर हाडांसाठी देतात ते झोलेड्रोनिक ॲसिड नको. त्याऐवजी डेनोसुमॅब देणार असाल तर कॅल्शियमवर नजर ठेवा, ते झपाट्याने उतरतं. नागीण टाळायला दिलेल्या असायक्लोव्हिरचा डोसही कमी करा.

माझ्या प्रत्येक चिठ्ठीवर वरच ठळक मराठीत लिहिलेलं असतं: ‘डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन देऊ नये.’ ही वेदनाशामकं किडनीला आणखी इजा करतात. तो कागद मेडिकलवाल्याला दाखवल्याशिवाय दुखण्याची एकही गोळी घ्यायची नाही, हे मी घरच्यांकडून वदवून घेतो.