किंमत काढताना गणित कुठे घसरतं? या चुका टाळा

घरगुती पुरणपोळीचा एक मानलेला हिशेब घेऊ. ३० रुपयांना दिवसाला १२० पोळ्या जातात, ३५ केले की १००. म्हणजे भाव एक रुपयाने वाढला की ४ पोळ्या कमी. मागणीची सरळ रेषा झाली: न = २४० − ४क. न म्हणजे नग, क म्हणजे किंमत. डाळ, गूळ, तूप, गॅस धरून पोळीमागे खर्च १६ रुपये. गाळ्याचं भाडं आणि मदतनीस ताईंचा पगार मिळून रोजचे ६००.

पहिली चूक नफ्याऐवजी गल्ला, म्हणजे विक्रीची एकूण रक्कम, मोठा करण्याची. क × न म्हणजे २४०क − ४क². त्याचा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे किंमत जराशी वाढवली की गल्ला ज्या दराने बदलतो तो दर, २४० − ८क. शिखरावर हा दर शून्य असतो. तो शून्य केला की किंमत येते ३०. गल्ला सगळ्यात मोठा, ३,६०० रुपये, पण हातात उरतात १,०८०. खरं तर मांडायचं असतं (क − १६)(२४० − ४क) − ६००. याचा डेरिव्हेटिव्ह ३०४ − ८क, म्हणून किंमत ३८, पोळ्या ८८ आणि नफा १,३३६. रोज ३२ पोळ्या कमी लाटून २५६ रुपये जास्त! १८३८ मध्ये फ्रेंच गणिती कूर्नो यांनी हा विचार पहिल्यांदा कॅल्क्युलसने मांडला, तेव्हा उदाहरण घेतलं खनिज पाण्याच्या झऱ्याचं. तिथे खर्च शून्य, म्हणून गल्ला आणि नफा एकाच किमतीला शिखर गाठतात. आपल्या चुलीवर तसं होत नाही.

दुसरी चूक मला सगळ्यात जास्त खटकते, कारण ती करणाऱ्याला सूत्र पाठ असतं. ‘सीमांत प्राप्ती = सीमांत खर्च’ आठवतं आणि तो २४० − ८क = १६ लिहून मोकळा होतो. उत्तर २८, नफा अवघा ९३६. सीमांत प्राप्ती म्हणजे एक पोळी जास्त विकल्यावर गल्ल्यात पडणारी भर, आणि सीमांत खर्च म्हणजे त्या एका पोळीचा वाढीव खर्च, इथे १६. डेरिव्हेटिव्ह नगांच्या संदर्भात हवा, किमतीच्या नव्हे. आधी रेषा उलटवा: क = ६० − न/४. गल्ला ६०न − न²/४, डेरिव्हेटिव्ह ६० − न/२. तो १६ शी जुळवला की न = ८८. इथेच थांबून ८८ लाच किंमत समजू नका. रेषेत घाला, ३८ मिळतील.

भाडं पोळीवर वाटू नका. ६०० भागिले १२०, म्हणून खर्च २१ धरला, तर किंमत ४०.५० येते आणि रोजचे २५ रुपये जातात. भाडं वाढल्याने ही किंमत हलत नाही. गूळ-तूप महागून पोळीमागे ४ रुपये वाढले, तर ती २ रुपयांनी वाढते.

उत्तर विचित्र आलं तर आकडे कुठल्या दिवसांचे आहेत ते बघा. समजा, साध्या दिवशी ३० ला १२० गेल्या आणि होळीला ३५ ला १५०. हे दोन बिंदू जोडले की रेषा वर चढते, किंमत येते १३, म्हणजे खर्चाहून कमी! दुसरा डेरिव्हेटिव्ह, म्हणजे डेरिव्हेटिव्हचा पुन्हा काढलेला डेरिव्हेटिव्ह, धन १२ येतो; शिखरावर तो ऋण असतो. हा नफ्याचा तळ आहे, शिखर नव्हे. होळीला अख्खी मागणीच सरकलेली असते, म्हणून दोन्ही आकडे साध्या दिवसांचे घ्या.

शिवाय ३८ हा आकडा ३० ते ३५ च्या बाहेरचा आहे. दोन बुधवार ३८ ला विकून पाहा. ८८ च्या आसपास गेल्या तर रेषा तिथवर टिकते. ७० च गेल्या तर नफा ९४० वर येतो. अशा वेळी ३५ लाच थांबा.