उद्या ऑपरेशन आहे: तालुक्याच्या हॉस्पिटलातली तयारीची यादी

ही यादी जळगाव, धुळे, नंदुरबारकडच्या छोट्या हॉस्पिटलांसाठी आहे. तिथे सर्जन दुसऱ्या गावाहून येतात, भूलतज्ज्ञ एका थिएटरमधून निघून दुसऱ्यात पोचतात आणि पेशंटला आदल्या दिवसापासून ओळखणारी एकटी सिस्टर असते. टीम रोज नव्याने जमते. म्हणून तयारी टेबलापाशी सुरू करून भागत नाही, आदल्या दुपारी फोनवर करावी लागते.

फोन सिस्टरने करावा, सर्जन आणि भूलतज्ज्ञ दोघांनाही. नाव, वय, वजन, ऑपरेशन कोणतं, बाजू कोणती, हिमोग्लोबिन, बीपी, शुगर, ॲलर्जी, आधी कधी भूल घेतली असेल तर तेव्हा झालेला त्रास, एवढं कागदावरून वाचून सांगावं. गोळ्या नुसत्या विचारू नका, घरून गोळ्यांची पिशवीच मागवा. रक्त पातळ करणाऱ्या गोळीचा निर्णय मात्र आदल्या दिवसावर ढकलू नये. क्लोपिडोग्रेल थांबवायची तर साधारण पाच ते सात दिवस आधी थांबवावी लागते, आणि हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेला असेल तर हृदयरोगतज्ज्ञांशी बोलल्याशिवाय तिला हात लावायचा नाही. हे तारीख देतानाच ठरलं पाहिजे.

तारीख देतानाच पाहायची दुसरी गोष्ट म्हणजे सिकलसेल, हा लाल पेशींचा आनुवंशिक आजार. पेशंट अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, शहादा भागातला असेल, भिल्ल किंवा पावरा समाजातला असेल, तर ही तपासणी झाली आहे का ते विचारा आणि कार्ड असेल तर फाइलला लावा. सोल्युबिलिटी या साध्या प्राथमिक रक्तचाचणीतून वाहक आणि रुग्ण यांतला फरक कळत नाही. त्यासाठी हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणारी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही लॅबमधली तपासणी लागते आणि रिपोर्ट यायला वेळ जातो. या आजारात थंडी, शरीरातलं पाणी कमी होणं आणि ऑक्सिजन कमी पडणं या तिन्हींमुळे लाल पेशी वाकड्या होऊन रक्तवाहिन्या तुंबतात. थिएटरचा एसी, लांबलेलं उपाशी राहणं, भुलीतून उठताना मंदावलेला श्वास: आपण नकळत नेमकं तेच देतो. अशा पेशंटचा नंबर सकाळी पहिला लावा, ब्लँकेट आणि कोमट सलाईन तयार ठेवा, रक्त लागेल का ते आधी ठरवा आणि टूर्निकेट (हात-पाय आवळून रक्त थांबवणारा पट्टा) वापरायचा असेल तर भूलतज्ज्ञांना आदल्या दिवशीच सांगा.

रक्त लागण्याची शक्यता असेल तर सॅम्पल आदल्या दिवशीच ब्लड बँकेत गेलं पाहिजे. जिल्ह्याच्या गावाहून पिशवी यायला किती वेळ लागतो हे ज्याला माहीत आहे, त्याने ते फोनवरच सांगावं.

उपाशी राहण्याबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण इथे सगळ्यात जास्त गफलत होते. ‘उपाशी आहात ना?’ असं विचारलं की पेशंट ‘हो’ म्हणतो, आणि पहाटे दुधाचा चहा आणि एक केळं झालेलं असतं. एकादशीला ते चालतं, म्हणून आजही चालेल असं त्याला वाटतं. म्हणून ‘शेवटचं काय खाल्लं, काय प्यायलं, किती वाजता?’ असं विचारा. हलकं खाणं आणि दूध सहा तास आधीपर्यंत, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास, हा नेहमीचा नियम. पाण्याचे दोन तास विसरू नका. मे महिन्यात भुसावळ-जळगावला पारा पंचेचाळीसला टेकतो, आणि रात्री दहापासून पाणी बंद केलेला म्हातारा माणूस दुपारी टेबलावर येतो तेव्हा भूल देताच त्याचं बीपी कोसळतं. लिस्ट लांबली तर वॉर्डात कळवा, भूलतज्ज्ञांना विचारून पाणी द्या.

संमती पेशंटच्या भाषेत घ्या. अहिराणी बोलणारं कोणी ना कोणी हॉस्पिटलात असतंच. पावरी किंवा भिलीसाठी आशाताईंना बोलवा, पेशंटच्या लहान मुलाला दुभाषी करू नका. बाजूची खूण पेशंट जागा असताना, त्याच्याकडून वदवून, सर्जननेच करावी. ‘तुमनं नाव काय शे? कोनता पाय दुखस?’ असं विचारलं की उत्तर मोकळं येतं. जोडवी, कडी, बांगड्या काढून नातेवाइकांच्या हाती द्या, नेलपॉलिश पुसा. केस काढावेच लागले तर क्लिपरने काढा, वस्तऱ्याने नको.

थिएटरमध्ये सक्शन (रक्त, थुंकी ओढून घेणारं मशीन) आणि ऑक्सिजनचा भरलेला जादा सिलिंडर स्वतः सुरू करून पाहा. जनरेटरही खरोखर चालू करून बघा, डिझेल आहे म्हणून समाधान मानू नका.

मग ते एक-दोन मिनिटांचं थांबणं. जागतिक आरोग्य संघटनेने २००८ साली एकोणीस मुद्द्यांची यादी दिली: भुलीआधी, चिरा देण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी अशा तीन थांब्यांवर बोलायची. दिल्लीसह आठ शहरांतल्या हॉस्पिटलांत ती वापरून पाहिली, तेव्हा मृत्यूचं प्रमाण १.५ टक्क्यांवरून ०.८ वर आणि गुंतागुंतीचं ११ वरून ७ टक्क्यांवर आलं. हे २००९ मध्ये प्रसिद्ध झालं. नंतर भराभर टिक करायला ती यादी नाही. चिऱ्याआधी प्रत्येकाने नाव आणि काम सांगावं, मावशी आणि वॉर्डबॉयनेही. ज्याने एकदा तोंड उघडलं तो पुढे ‘सर, बाजू बघा’ म्हणू शकतो, आणि तो म्हणाला की सर्जनने आधी हात थांबवायचा, कारण नंतर विचारायचं. अँटिबायोटिक गेल्या तासाभरात दिलं का, हेही इथेच मोठ्याने विचारा.

गॉज, मॉप (रक्त टिपायच्या लहान-मोठ्या कापडी पट्ट्या) आणि सुया दोघी सिस्टरांनी मोठ्याने मोजून फळ्यावर लिहाव्यात; गॉज कापून अर्धा करू नये. आकडा जुळल्याशिवाय पोट बंद होत नाही, सर्जनची गाडी बाहेर उभी असली तरी. बायॉप्सीचा (तपासणीसाठी काढलेला) तुकडा ज्या बाटलीत ठेवाल, तिच्या अंगावर पेशंटचं नाव लिहा, झाकणावर नको. आणि सर्जन निघण्याआधी नाडी, बीपी, ड्रेन (जखमेतलं पाणी-रक्त बाहेर काढणारी नळी), लघवी यांचा कोणता आकडा दिसला की रात्री कोणाला उठवायचं, आणि ते पोचेपर्यंत जवळ कोण येईल, हे नंबरांसह रात्रीच्या सिस्टरच्या वहीत लिहून सही करून जावं.