घरीच दिला जाणारा अखेरचा निरोप

आजारी कुत्र्याला दयामरण देण्याचा निर्णय पशुवैद्यांशी बोलून झाला, की डॉक्टर घरी येतील का, हे आधीच विचारून घ्यावे, कारण कोल्हापुरात सगळेच येतात असे नाही. त्याची रोजची गोधडी उजेडाच्या जागी अंथरावी आणि तिच्याखाली प्लॅस्टिक घालावे, कारण स्नायू सैल पडल्यावर लघवी होते. आधी गुंगीचे इंजेक्शन देतात; तो गाढ झोपेपर्यंत कानामागे हात फिरवत, त्याच्या नेहमीच्या नावाने बोलत राहावे. नंतर शिरेतून भूल देणाऱ्या औषधाची मोठी मात्रा देतात, तिने आधी शुद्ध हरपते, मग श्वास आणि हृदय थांबते. डोळे उघडेच राहतात, क्वचित एखादा उसासाही येतो. तो वेदनेचा नसतो, हे मुलांना आधीच सांगावे. घरात दुसरा कुत्रा असेल तर त्यालाही हुंगू द्यावे, असे मला मनापासून वाटते.

पंचगंगेत विसर्जन मात्र कदापि करू नये. औषध देहात टिकून राहते आणि तो देह खाणाऱ्या घारी-कुत्र्यांना विषबाधा होऊ शकते, म्हणून स्वतःच्या शेतात, विहिरीपासून लांब, किमान चार फूट खोल पुरावे. पावसाळ्यात पाणी साचणारी जागा टाळावी.