पेच घट्ट कसा बांधायचा

विज्ञानकथेत ‘एकाचा जीव देऊन शंभर वाचवायचे का’ असा पेच टाकायचा असेल, तर आधी पळवाटा बुजवा. १९५४ च्या ‘द कोल्ड इक्वेशन्स’मध्ये यानात मोजकंच इंधन आहे आणि एक मुलगी चोरून चढलेली; तिच्या वजनाने ते पुरणार नाही. लेखक टॉम गॉडविन तिला वाचवायच्या युक्त्या काढत राहिले, आणि अशा पळवाटा नकोत म्हणून संपादक जॉन कॅम्पबेल कथा परत पाठवत राहिले.

मी ऐरोलीची, म्हणून माझ्या कथेत ठाणे खाडीवर भरतीचं पाणी अडवणारं दार आहे. ते लावलं की ऐरोली वाचते, पाणी दिवाळे कोळीवाड्यात शिरतं. दार लावणाऱ्याला नुसते आकडे देऊ नका, माणसं द्या. तिथली मावशी त्याला बोंबील देते, सुटे नसले तर “राहू दे रे, उद्या दे” म्हणते. उद्याचे ते वीस रुपये वाचकाला टोचले पाहिजेत.

दार तिथेच कोणी बांधलं, हे एका तरी पात्राने विचारायलाच हवं. नाइलाज लेखकच रचतो. त्याचं खापर निसर्गावर फोडणं मला पटत नाही.

मग चौघांना वाचून दाखवा. चौघांचं लगेच एकमत झालं, तर पेच सैल आहे. पुन्हा लिहा.