सर्व्हर बंद पडला, की आधी काय पाहावे : डीडॉस हल्ल्याची ओळख

संकेतस्थळ उघडेनासे झाले, की डीडॉस हल्ल्याची, म्हणजे असंख्य यंत्रांवरून एकाच वेळी मारा करून सेवा ठप्प पाडल्याची, आवई उठवण्यापूर्वी गर्दी खरी तर नाही ना, हे तपासावे. दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी लाखो विद्यार्थी एकाच वेळी आल्याने चांगली यंत्रणाही अडखळते. सर्व्हरच्या लॉगमध्ये, म्हणजे आलेल्या विनंत्यांच्या नोंदींत, फरक बहुधा दिसतो : माणसाचा ब्राउझर पानासोबत त्यातली चित्रेही मागवतो, तर साधा बॉट (आपोआप विनंत्या पाठवणारा प्रोग्राम) एकच पत्ता पुन्हा पुन्हा मागत राहतो.

हल्लाच असल्याची खात्री पटली, की नेमके काय संपते आहे ते शोधावे, कारण उपाय त्यावरच ठरतो.

इंटरनेटची लाइनच तुंबली असेल, तर स्वतःच्या सर्व्हरवरील फायरवॉल फारशी कामाची नाही; नको असलेला डेटा तिच्यापर्यंत पोहोचतो तेव्हा लाइन आधीच भरलेली असते. 28 फेब्रुवारी 2018 रोजी गिटहब या प्रोग्रामरांच्या संकेतस्थळावर सेकंदाला 1.35 टेराबिट इतका मारा झाला, तो असाच. हल्लेखोरांनी इंटरनेटवर उघड्या राहिलेल्या मेमकॅश्ड (डेटा झटपट देण्यासाठी मेमरीत ठेवणारे सॉफ्टवेअर) सर्व्हरांना, पाठवणारा म्हणून गिटहबचा पत्ता खोटेपणाने लावून, चिमुकल्या विनंत्या पाठवल्या आणि त्यांची अवाढव्य उत्तरे गिटहबवर येऊन आदळली. गिटहबने आपली सगळी वाहतूक अकामाई या कंपनीकडे वळवून ती तिथे गाळून घेतली. तेव्हा अशा वेळी आपल्या इंटरनेट कंपनीला किंवा डीडॉस-संरक्षण देणाऱ्या सेवेलाच गाठावे, आणि तो फोन नंबर संकट येण्यापूर्वी लिहून ठेवावा.

लाइन मोकळी, पण अर्धवट उघडलेल्या, म्हणजे सुरू करून पुऱ्या न केलेल्या, जोडण्यांचा खच पडलेला दिसला, तर तो सिन फ्लड होय. 1996 मध्ये न्यूयॉर्कच्या पॅनिक्स या इंटरनेट कंपनीला याच प्रकाराने जेरीस आणले होते. आज सिन कुकीज (जोडणी पुरी होईपर्यंत तिच्यासाठी सर्व्हरवर जागा न अडवण्याची सोय) सुरू ठेवल्या, की बराचसा बंदोबस्त होतो.

तिसरा प्रकार ओळखायला सर्वांत अवघड, कारण त्यात डेटा थोडाच येतो. 'शोधा'सारख्या, डेटाबेसला घाम फोडणाऱ्या पानावर विनंत्यांचा भडिमार होतो. तेथे दर मिनिटाच्या विनंत्यांवर मर्यादा घालावी आणि शक्य तेवढी उत्तरे कॅशमधून, म्हणजे आधीच तयार ठेवलेल्या प्रतींतून, द्यावीत.

आपलीच उपकरणे अशा हल्ल्यात वापरली जाऊ नयेत म्हणून इंटरनेटला जोडलेल्या घरच्या कॅमेऱ्याचा कारखान्यातून आलेला पासवर्डही बदलावा. 2016 मध्ये मिराई या मालवेअरने (घातक प्रोग्रामने) असेच कॅमेरे ताब्यात घेऊन डाइन या डीएनएस (संकेतस्थळाच्या नावावरून त्याचा इंटरनेटवरील पत्ता सांगणारी सेवा) कंपनीवर सोडले होते, आणि ट्विटर, नेटफ्लिक्ससारख्या सेवा अनेकांना उघडेनाशा झाल्या होत्या.

भारतातील संस्थांनी लॉग पुसू नयेत. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल 2022 मधील निर्देशांनुसार ते 180 दिवस जपावे लागतात, आणि अशा हल्ल्याची माहिती तो लक्षात आल्यापासून 6 तासांच्या आत कळवावी लागते.